हेडफोन टोचतोय की आवाज टोचतोय? दोन्हींवर पायरीपायरीने उपाय

मी मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून काढायचं काम करते. दिवसाचे सहा-सात तास डोक्यावर हेडफोन असतो. कामाला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात दुपार झाली की कान भरल्यासारखे व्हायला लागले. बोलणाऱ्याने ‘स’ किंवा ‘श’ उच्चारला की माझी पापणी आपोआप मिटायची. या हेडफोनचा ट्रेबलच (वरचे, तीक्ष्ण स्वर) वाईट, असं ठरवून मी दुसरा घेतला. तोही टोचला. मग तिसरा.

तिसऱ्याच्या वेळी एकदा डोळे चोळायला चष्मा काढला आणि हेडफोन डोक्यावर तसाच राहिला. आवाज एकदम बदलला. भरीव झाला, ‘स’ मागे सरकला. चष्मा परत घातला, ‘स’ परत पुढे आला. चष्म्याची काडी कुशनला बारीकशी फट पाडत होती. त्या फटीतून बेस (खालचे, जाड स्वर) निसटत होता आणि मागे उरलेला ट्रेबल उघडा पडून टोचत होता. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार मी दोन हेडफोन घेऊन केला होता.

म्हणून या लेखात हेडफोन बसतो कसा आणि वाजतो कसा, हे दोन प्रश्न एकत्रच घेतले आहेत. पायऱ्यांचा क्रमही मुद्दाम असा लावलाय की ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, खरेदी जवळजवळ शेवटी.

आधी हे जवळ घेऊन बसा

- तुमचा रोजचा चष्मा, असेल तर. कॉन्टॅक्ट लेन्स घालून चाचणी करू नका.
- पाठ असलेली तीन-चार ध्वनिमुद्रणं: एक जवळून रेकॉर्ड केलेला गाता आवाज, एक नुसतं बोलणं, एक झांजा किंवा टाळ असलेलं, एक दणदणीत बेसचं.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा.
- फोनवर किंवा संगणकावर शुद्ध स्वर (म्हणजे एकाच वारंवारतेचा आवाज) वाजवणारं कुठलंही टोन जनरेटर ॲप.
- एखादा इक्वलायझर, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर (कुठला, ते पुढे सांगते).
- वही-पेन. हे टाळू नका. काल काय ऐकलं ते कान आज विसरतो.

१. नेमकं कुठे दुखतं ते ओळखा

‘हेडफोन त्रास देतो’ एवढ्याने काही कळत नाही. अर्धा तास ऐका, हेडफोन काढा आणि बोटाने दाबून जागा शोधा.

टाळूवर एकाच ठिकाणी दुखत असेल तर हेडबँडची गादी कमी आहे किंवा वजन जास्त आहे. कानशिलावर, चष्म्याच्या काडीच्या रेषेत दुखत असेल तर पकड आणि काडी मिळून हाडावर दाब देतायत. जबड्याच्या सांध्यापाशी दुखत असेल तर कप खाली सरकलेत, ते एक-दोन खाचा वर घ्या. कानाची वरची कड लाल होऊन दुखत असेल तर कप उथळ आहे आणि कान आतल्या जाळीला टेकतोय. हे पुष्कळांना कळतच नाही, कारण टेकलेलं पहिली दहा मिनिटं जाणवत नाही.

आणि बाहेरून कुठेच दुखत नसेल, पण काढल्यावर ‘हुश्श’ होत असेल, शांतता हवीहवीशी वाटत असेल, तर त्रास आवाजाचा आहे. नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय) चालू असताना कान विमानात दडपतात तसं वाटत असेल तर ते तिसरंच काही. त्यावर ते बंद करून किंवा त्याची तीव्रता कमी करून बघणं एवढाच उपाय मला माहीत आहे.

२. तळहातांची चाचणी

अर्धी माणसं या पायरीवरच सुटतील, म्हणून इथे घाई करू नका.

बेसचं गाणं लावा. चष्मा डोळ्यांवरच असू द्या. दोन्ही तळहात कपांवर ठेवा आणि हळूच आत दाबा. आवळू नका, नुसता टेकता दाब द्या. बेस वाढला आणि त्याच क्षणी झांजा मवाळ झाल्या, तर कुशन कानाभोवती नीट बसत नाही आणि हवा गळतेय. काहीच फरक पडला नाही तर बैठक ठीक आहे, तुम्ही चौथ्या पायरीवर गेलात तरी चालेल.

गळती सापडली तर कारणं मोजकीच असतात. चष्म्याची जाड काडी. कानामागे आलेले केस. दबून सपाट झालेलं कुशन. कानाच्या खाली, जबड्यामागे जो खळगा असतो तिथे न पोचणारं कुशन. केस मागे घ्या, कप थोडे पुढे-मागे फिरवा आणि दर वेळी तळहात दाबून बघा. काडी पातळ असलेली फ्रेम घेतल्यावर माझा निम्मा प्रश्न मिटला. फ्रेम बदलायची नसेल तर काडी कुशनच्या वरच्या कडेवरून जाईल इतकी उचलून बघा. चष्मा जरा तिरका बसतो, पण काम करताना बघतंय कोण.

३. पकड, वजन, कुशन

*वजन.* काट्यावर ठेवा, केबल बाहेर लोंबू द्या. माझा अनुभव सांगते: ३०० ग्रॅमच्या आतला हेडफोन दिवसभर झेपतो, त्यापुढे मान बोलायला लागते. पण वजनापेक्षा ते डोक्यावर कसं पसरतं हे मोठं. डोक्यावर झोळीसारखा सैल पट्टा असलेला जड हेडफोन हलक्यापेक्षा सुखाचा वाटू शकतो.

*पकड.* नवा हेडफोन घट्टच असतो. तुमच्या डोक्यापेक्षा थोडा रुंद पुस्तकांचा गठ्ठा करा आणि त्यावर हेडफोन रात्रभर ताणून ठेवा. सकाळी घालून बघा. कमी पडलं तर आणखी एक रात्र. हेडबँडच्या आत धातूची पट्टी असेल तर हे चालतं. पूर्ण प्लॅस्टिकचा असेल तर करू नका, सांध्याजवळ तडा जातो.

इथला सापळा मी स्वतः अनुभवलाय. उत्साहाच्या भरात दोन जाडजूड शब्दकोश मधे घालून मी हेडफोन इतका सैल केला की मान खाली घातली की तो कपाळावर यायचा. आणि सैल झाल्यावर काय? गळती. म्हणजे परत तोच टोचरा आवाज, आगीतून फुफाट्यात. पकड सैल करताना दर टप्प्यावर दुसऱ्या पायरीची चाचणी करा.

*कुशन.* कृत्रिम चामडं हवा अडवतं, त्यामुळे बेस टिकतो, पण घाम येतो आणि कालांतराने त्याची पापुद्र्यांसारखी सालं निघतात. मखमली कापड थंड राहतं, चष्म्याच्या काडीभोवती जास्त समजूतदारपणे बसतं, पण थोडी हवा सोडतं. ‘कुठलं चांगलं’ याला उत्तर नाही. कानशिल दुखणाऱ्याने मखमल आधी बघावी.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते: कुशन म्हणजे उशीचा अभ्रा नव्हे. त्याची जाडी कान आणि ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग) यांच्यातलं अंतर ठरवते, आणि अंतर बदललं की आवाज बदलतो. दुसऱ्या कुणी बनवलेली जाड, लुसलुशीत कुशनं लावून ‘आता ट्रेबल आणखीच टोचतो’ म्हणणारे मला बरेच भेटलेत. कुशन झिजलं असेल तर पहिल्यांदा मूळ कंपनीचंच त्याच मॉडेलचं लावा. प्रयोग नंतर.

४. व्हॉल्यूम: बेससाठी वाढवताय का?

१९३३ साली हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसाच्या कानाला वेगवेगळ्या उंचीचे स्वर किती मोठे वाटतात याचे आलेख मांडले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की आवाज लहान केला की सगळं सारखं लहान होत नाही. बेस सगळ्यात आधी विरतो. मग आपण काय करतो? गाणं पोकळ वाटतं म्हणून व्हॉल्यूम चढवतो. बेस हवा तेवढा येईपर्यंत ट्रेबल सहनशक्तीच्या पलीकडे गेलेला असतो.

उलटं करून बघा. इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या खालचा भाग ३-४ डेसिबलने वर घ्या आणि एकूण व्हॉल्यूम खाली आणा. ट्रेबलला हातही न लावता तो शांत झालेला वाटेल.

व्हॉल्यूमचा हिशेबही सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सरासरी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. माझं काम आठवड्याला चाळीस तासांपर्यंत जातं, म्हणजे ८० ही माझ्यासाठी छतासारखी हद्द आहे. आयफोनवर आरोग्याच्या ॲपमध्ये हेडफोनची पातळी डेसिबलमध्ये दिसते, तिथे एकदा डोकावून बघा.

५. टोचणारी जागा शोधा

‘ट्रेबल’ हा फार ढोबळ शब्द आहे. त्यात निदान तीन वेगळी दुखणी असतात.

२ ते ५ किलोहर्ट्झ हा भाग वाढला की आवाज अंगावर येतो, कुणी तोंडासमोर येऊन बोलतंय असं होतं. कान इथेच सगळ्यात तिखट असतो, त्याला कारण आहे. पेनच्या टोपणात फुंकर मारली की ते ठरावीक स्वरात शिट्टी देतं. कानाची नळीही तशीच, एका टोकाला बंद आणि जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब. ती ३ किलोहर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते.

५ ते ९ किलोहर्ट्झ हे ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’मधल्या ‘च’चं राज्य. ‘सुशीलाने सगळं सामान शिस्तीत सरकवलं’ असं वाक्य ऐकताना सुया टोचत असतील तर दुखणं इथे आहे. बहुतेकांचं इथेच असतं.

१० किलोहर्ट्झच्या वर झांजांची चमक, श्वासाची सळसळ. हे वाढलं की टोचत नाही, पण तासाभरात थकवा येतो.

आता टोन जनरेटर घ्या. व्हॉल्यूम अगदी खाली आणून सुरुवात करा, कारण शुद्ध स्वर गाण्यापेक्षा फार लवकर त्रास देतो. २ किलोहर्ट्झपासून १२ पर्यंत सावकाश वर सरका. मधेच एखादा स्वर ठिणगीसारखा उठतो, पुढे जाताच विझतो. तो आकडा वहीत लिहा. हेडफोन काढून परत घाला आणि पुन्हा करा. असं तीनदा. दर वेळी आकडा थोडा हलेल, कारण कप तसूभर सरकला तरी वरचे स्वर बदलतात. माझे आकडे ७,४००, ७,९०० आणि ७,६०० असे आले. मधला धरला.

सापळा: वरच्या टोकाला स्वर ऐकू येईनासा झाला म्हणून व्हॉल्यूम वाढवू नका. वय वाढतं तसं वरचं ऐकू येणं कमी होतंच. वाढवलेल्या व्हॉल्यूमवर खाली परत येताना तो उठणारा स्वर कानाचा पार कचरा करतो.

ही मेहनत कशाला, कुठला स्वर किती मोठा वाजतो याचा हेडफोनचा आलेख तयार मिळतोच की, असं तुम्ही म्हणाल. आलेख उपयोगाचा आहे, पण तो मोजायच्या कृत्रिम कानावर काढलेला असतो. ८-१० किलोहर्ट्झच्या वर तुमच्या कानाचा आकार आणि त्या यंत्राच्या कानाचा आकार यांची गाठ पडेलच असं नाही. वेगवेगळ्या यंत्रांवर काढलेले दोन आलेख तर शेजारी ठेवून तुलना करूच नका.

६. इक्वलायझर लावा, पण थोडा

विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतो. लिनक्सवर ‘इझीइफेक्ट्स’, अँड्रॉइडवर ‘वेव्हलेट’ आहे. आयफोनच्या म्युझिक ॲपच्या सेटिंगमध्ये ‘ट्रेबल रिड्यूसर’ नावाचा तयार पर्याय आहे, पण तो त्या ॲपपुरताच चालतो. बिनतारी हेडफोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये बहुधा इक्वलायझर असतोच. तिथे केलेला बदल बऱ्याचदा हेडफोनमध्येच साठतो, त्यामुळे फोन बदलला तरी सोबत येतो.

आकडे असे भरा: वारंवारता तुमची सापडलेली, घट (म्हणजे त्या जागी पडणारा खड्डा) ३ डेसिबल, क्यू ३ च्या आसपास. क्यू म्हणजे खड्डा किती अरुंद. आकडा मोठा तर खड्डा अरुंद. ऐका. कमी वाटलं तर ४, मग ५. सहाच्या पुढे जावंसं वाटलं तर थांबा आणि दुसऱ्या पायरीवर परत जा, कारण कुठेतरी गळती राहून गेली असण्याची शक्यता मोठी आहे.

सगळा ट्रेबलच जास्त वाटत असेल तर खड्ड्याऐवजी हाय शेल्फ नावाचा फिल्टर घ्या. तो ठरवलेल्या जागेपासून वरचं सगळं उतरत्या छपरासारखं खाली आणतो. ६ किलोहर्ट्झपासून २ डेसिबल, बास.

नुसतं कमी करत असाल तर दुसरं काही लागत नाही. पण चौथ्या पायरीतला बेस वाढवला असेल तर जितके डेसिबल वाढवले तितकेच प्रीॲम्पमध्ये (इक्वलायझरमधली एकूण पातळीची पट्टी) वजा करा. नाहीतर मोठ्या आवाजात ध्वनी फाटतो, आणि तो फाटलेला कर्कशपणा तुम्ही परत ट्रेबलच्याच माथी माराल.

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते बटण चालू-बंद करत बसून. ट्रेबल कमी केल्यावर पहिल्या मिनिटाला सगळं घोंगडीखाली गेल्यासारखं वाटतंच. कान चमकेला सरावलेला असतो. इक्वलायझर लावून तीन दिवस ठेवा, मग एकदाच बंद करून ऐका. मी बंद केलं तेव्हा हात आपोआप हेडफोन ओढायला गेला.

७. सॉफ्टवेअर नको असेल तर

कार्यालयाच्या संगणकावर काही बसवू देत नाहीत, हे मला माहीत आहे. तिथे जुना जुगाड चालतो. टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करून घ्या, कपाच्या आतल्या मापाने गोल कापा आणि कुशनखाली ड्रायव्हरच्या जाळीवर ठेवा. हसू नका. १९७८ साली आलेल्या यामाहा एनएस-१० या स्पीकरच्या ट्वीटरवर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) स्टुडिओतले जाणते ध्वनितंत्रज्ञ असाच टिश्यू चिकटवायचे. एक पदर पुरतो. दोन्ही कपांत सारखाच घाला. मी एकदा डावीकडे दोन पदर घातले आणि बोलणारा माणूस दिवसभर उजव्या खांद्यावर बसून राहिला.

कानात घालायचे इअरफोन असतील तर सिलिकॉनऐवजी फोमच्या टिप लावा. त्या ट्रेबल थोडा शोषतात आणि मऊही असतात. माप महत्त्वाचं: दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आत किती खोल जातो यानेही टोचणाऱ्या स्वराची जागा सरकते, म्हणून पाचवी पायरी टिप बदलल्यावर पुन्हा करा.

८. नवा घ्यायचाच असेल तर

इथवर येऊनही त्रास उरला असेल तर मात्र जोडी जुळलेली नाही. भारी हेडफोन टोचत नाही, हा गैरसमज सोडा. सेनहायझरचा २००९ साली आलेला एचडी ८०० हा कंपनीचा सर्वोच्च हेडफोन होता, तरी ६ किलोहर्ट्झजवळच्या उठावाबद्दल त्याची इतकी चर्चा झाली की पुढच्या ‘एस’ आवृत्तीत तो स्वर शोषून घेणारी खास रचना बसवली. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० चमकदार ट्रेबलसाठी ओळखला जातो आणि तो आवडणारे पुष्कळ आहेत. त्याच वर्गातला सेनहायझर एचडी ६५० मवाळ म्हणून ओळखतात, काहींना तो झोपाळू वाटतो. म्हणजे वर्णनात ‘डिटेल’, ‘क्रिस्प’, ‘स्टुडिओ’ असे शब्द दाटीने दिसले की आपल्यासारख्यांनी सावध व्हावं. ‘वॉर्म’, ‘स्मूद’, ‘डार्क’ हे आपले शब्द.

चाचणी निदान वीस मिनिटं, चष्म्यासकट, आणि स्वतःची ध्वनिमुद्रणं लावून. दुकानदाराचं नमुना गाणं ऐकू नका. ते हेडफोन चांगला वाटावा म्हणूनच निवडलेलं असतं. पहिल्या मिनिटाला चमकदार हेडफोन नेहमी जिंकतो, विसाव्या मिनिटाला कोण जिंकतो ते बघा. परत घेण्याची मुदत लेखी विचारा, बिल आणि खोका जपून ठेवा. ‘वाजवून वाजवून सुधारेल’ असं कुणी म्हणालं तर मुदत संपण्याची वाट बघत बसू नका. काळाने सुधारते ती पकड आणि कुशन. टोचणारा स्वर तिथेच राहतो.

९. कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं

हेडफोन नसतानाही भांड्यांचा खणखणाट, कागदाचा चुरगळा, मुलांचा ओरडा असे साधे आवाज दुखत असतील. कानात शिट्टी वाजत राहत असेल. त्रास एकाच कानाला असेल. लहान आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम असह्य होतो, असं होत असेल. यातलं काहीही असेल तर इक्वलायझर बाजूला ठेवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. ते बहुधा ऑडिओमेट्री करायला सांगतील: बंद खोलीत स्वर ऐकून बटण दाबायचं, दुखत-खुपत काही नाही. जाताना वही न्या. कुठला स्वर, किती वेळाने, कुठल्या कानाला, हे आकड्यात सांगता आलं की बोलणं पटकन मुद्द्यावर येतं. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर वही वगैरे शोधू नका, त्याच दिवशी जा.

आणि आवाज नकोसे होतात म्हणून दिवसभर कानात बोळे घालून बसू नका. शांततेला सरावलेला कान आणखी हळवा होतो.

माझं सध्या असं चाललंय: पातळ काडीचा चष्मा, मखमली कुशन, ७,६०० हर्ट्झला अडीच डेसिबलचा खड्डा, आणि पन्नास मिनिटांनी हेडफोन खुंटीला. मागच्या महिन्यात जुनी कुशनं चपटी झाली म्हणून त्याच मापाची नवी लावली, तर आवाज मंद वाटायला लागला. पाचवी पायरी परत केली. खड्डा ४ वरून अडीचवर आणावा लागला. कुशन बदललंत की तुम्हीही वहीचं नवं पान उघडा, इक्वलायझरमधला जुना प्रीसेट (साठवलेले आकडे) मात्र पुसू नका.